आधी कुणाला वाचून दाखवायचं?

तर मंडळी, गेल्या दिवाळीत माझी कादंबरी "संपली". अवतरणचिन्हं मुद्दाम टाकली आहेत, का ते पुढे कळेलच. सहा वर्षं, दर शनिवार-रविवारी थोडं थोडं करत ३१२ पानं झाली. शेवटच्या पानावर "समाप्त" असं टाईप केलं, स्वतःच्या हाताने चहा करून प्यायलो आणि मग लक्षात आलं की ही पानं माझ्याशिवाय जगात कुणीच वाचलेली नाहीत.

आमच्या धंद्यात हे चालत नाही. स्वतः लिहिलेला कोड स्वतःच तपासून कुणी लाईव्ह करत नाही, आणि केलाच तर रात्री दोनला त्याचा फोन वाजतो. म्हणून ऑफिसातल्या चार मित्रांना प्रिंटआउट काढून दिले. पहिल्याचं उत्तर दोन दिवसांत आलं, "भारी रे!" दुसरा म्हणाला, यावर सिनेमा निघेल. तिसरा टेस्टर आहे. त्याने शुद्धलेखनाच्या ६४ चुका एक्सेल शीटमध्ये भरून पाठवल्या, शेवटी "सिव्हिरिटी" असा रकानाही होता. (सगळ्या "लो".) चौथा तेव्हापासून कँटीनमध्ये मला बघून दुसऱ्या रांगेत उभा राहतो.

चौघांचाही दोष नाही. कादंबरी सोलापूरची, १९३० सालची. त्यांच्यापैकी एकानेही सोलापूर रेल्वेच्या खिडकीपलीकडे पाहिलेलं नाही. मी जे लिहिलं ते तसं होतं का, हे त्यांना कळणार कसं? टेस्टर कितीही हुशार असला तरी मुळात काय अपेक्षित आहे हेच त्याला माहीत नसेल तर तो स्पेलिंगच तपासणार.

मग प्रश्न पडला की पूर्वीचे लोक काय करत होते? लिहून झाल्यावर, छापायच्या आधी, ते कुणाकडे जात? त्या नादात काही महिने बरंच वाचलं. सोलापूरला गेलो की हिराचंद नेमचंद वाचनालयात बसायचो. याच गावात १९४१ साली साहित्य संमेलन झालं होतं आणि अध्यक्ष होते वि. स. खांडेकर. उतारवयात दृष्टी गेल्यावर खांडेकर मजकूर तोंडी सांगत आणि लेखनिक उतरवून घेई. म्हणजे त्यांचा पहिला वाचक हा खरं तर पहिला श्रोता. ही गोष्ट तेव्हा नुसती टिपून ठेवली होती, पुढे ती मला चांगलीच कामाला आली.

मराठीतला पहिल्या वाचकाचा सगळ्यात जुना आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र सातशे वर्षांपूर्वीचा आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला महानुभाव पंथातल्या भास्करभट्ट बोरीकरांनी "शिशुपाळवध" हे काव्य रचलं आणि पंथातल्याच एका गुरुबंधूला दाखवलं. गुरुबंधूचा अभिप्राय थोडक्यात असा, की ग्रंथ उत्तम झालाय, पण आपल्यासारख्या संसार सोडलेल्यांच्या कामाचा नाही. शृंगार फार झाला. विचार करा, कृष्णाच्या प्रेमात बुडून माणसाने एवढं काव्य रचलं आणि पहिल्याच वाचकाने सांगितलं की छान आहे, पण आपल्यासाठी नाही! भास्करभट्टांनी काय करावं? त्यांनी वाद घातला नाही, आणि लिहिलेलं फाडूनही टाकलं नाही. बसले आणि दुसरा ग्रंथ लिहिला, "उद्धवगीता". आज दोन्ही आपल्याकडे आहेत. अभिप्राय पचवायची ही रीत मला फार भारी वाटते. जुनी आवृत्ती तशीच राहू द्यायची, आणि नव्याने कोरी फाईल उघडायची.

मधली पाच शतकं ओलांडून छापखान्याच्या काळात येऊ. पेशवाईत श्रावणात पुण्याला विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. इंग्रजांनी ती काटछाट करत चालू ठेवली, आणि पुढे तिच्यातला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला. त्यासाठी १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. लेखकांनी हस्तलिखितं पाठवायची आणि कमिटीवरच्या विद्वानांनी ती तपासायची. म्हणजे पहिला वाचक हा परीक्षक. पास का नापास, बक्षीस किती. एखाद्या व्याकरणाच्या पुस्तकाला हे ठीक आहे, पण कादंबरीला असल्या वाचकाचा काय उपयोग व्हावा, मला शंकाच आहे. बाबा पदमनजींची "यमुनापर्यटन" १८५७ ची. म्हणजे कादंबरी नावाचं प्रकरण तेव्हा मराठीत नुकतं कुठे डोकं वर काढत होतं.

आणि मग हरिभाऊ.

हरि नारायण आपटे हे नाव आपण शाळेत पाठ करतो आणि विसरतो. जन्म १८६४. बी. ए. झाले नाहीत. पुण्यात जुन्या संस्कृत पोथ्या जमवणारी आणि छापणारी आनंदाश्रम ही संस्था सांभाळत. १८९० मध्ये त्यांनी "करमणूक" हे साप्ताहिक काढलं आणि त्यात "पण लक्षात कोण घेतो" क्रमशः छापायला सुरुवात केली. तेव्हा वय २६. आता या कादंबरीची गंमत बघा. ती एका बाईने सांगितलेली आहे. यमू आपलीच कहाणी सांगते, "मी" म्हणून. लहानपण, लग्न, सासर, वैधव्य, केशवपन. आणि लिहिणारा कोण, तर पुण्यातला एक सव्वीस वर्षांचा पुरुष.

त्या काळचं घर डोळ्यांसमोर आणा. पुरुषमंडळी ओटीवर आणि दिवाणखान्यात, बायका माजघरात आणि स्वयंपाकघरात. मुलगा मोठा झाला की माजघरात काय बोलणं चाललंय हे त्याला कळायचं बंद होतं, कारण तो आत आला की बोलणंच थांबतं. मग यमूच्या तोंडी जे आहे ते हरिभाऊंना कुठून कळलं? प्रतिभा वगैरे आहेच, नाकारत नाही. पण त्यांना एक वाचकही मिळाली होती. काशीबाई कानिटकर.

काशीबाई हरिभाऊंपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. जन्म १८६१, सांगलीकडच्या आष्ट्याचा. माहेरी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती. लग्नानंतर नवरा गोविंदराव यांना शिकलेली बायको हवी होती म्हणून त्या लिहा-वाचायला शिकल्या, आणि शिकल्या त्या कुठवर, तर १८८९ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र त्यांनी लिहिलं. गोविंदराव स्वतः कवी, न्यायखात्यात नोकरी, मिलच्या स्त्रियांविषयीच्या निबंधाचा त्यांनी अनुवाद केला होता. या कानिटकरांच्या घरी हरिभाऊंची ऊठबस असे. लिहीत असलेलं ते काशीबाईंना वाचून दाखवत, त्यावर चर्चा करत. आणि हे एकतर्फी नव्हतं. काशीबाईंची "रंगराव" ही कादंबरी आधी मासिकातून येत होती, पुस्तक १९०३ ला झालं, आणि तिला हरिभाऊंचं प्रोत्साहन होतं. दोघंही लिहिणारे, दोघंही एकमेकांचे वाचक.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे हरिभाऊंनी वाचक निवडला तो साहित्यातला अधिकारी म्हणून नाही. पुण्यात शास्त्री-पंडित पोत्याने होते. त्यांनी असा माणूस धरला ज्याला कादंबरीतल्या घराचा आतला भाग ठाऊक आहे, जो भाग त्यांना स्वतःला कधीच दिसणार नव्हता. दुसरी म्हणजे ते वाचून दाखवत. कागद देऊन "वाच आणि कळव" नाही. वाचून दाखवताना समोरच्याचा चेहरा दिसतो. कुठे भुवई वर गेली, कुठे मान खाली गेली, कुठे जांभई आली. एक्सेल शीटमध्ये जांभईचा रकाना नसतो :-)

पुढे विसाव्या शतकात हे काम संपादकांकडे गेलं. मौज आणि "सत्यकथा"चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही त्यातली मोठी नावं. हस्तलिखित बारकाईने वाचायचं, लेखकाशी पत्रव्यवहार करायचा, पुन्हा लिहायला लावायचं. त्यांच्या हाताखालून गेलेली पुस्तकं आजही दुकानात आहेत, यातच काय ते आलं. पण याला दुसरी बाजूही आहे. काय चांगलं हे एकाच खोलीत ठरायला लागलं की खोलीबाहेरच्यांना राग येतोच. १९६९ मध्ये राजा ढाले आणि लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी "सत्यकथा"ची होळी केली. मला दोन्ही बाजू पटतात, त्यामुळे यावर जास्त बोलत नाही. "सत्यकथा" १९८२ ला बंद पडलं.

त्याच सुमाराची अजून एक गोष्ट, आणि मी ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ती. रणजित देसाई "श्रीमान योगी" लिहीत होते. "स्वामी" १९६२ ला येऊन गेलेली, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळालेला. म्हणजे अशा माणसाला अभिप्रायाची गरज नाही असं कुणालाही वाटेल. तरी शिवाजी हा विषय घेतल्यावर त्यांचा संवाद चालू होता तो नांदेडच्या एका प्राध्यापकाशी, नरहर कुरुंदकरांशी. कुरुंदकर तेव्हा जेमतेम तिशीतले, म्हणजे देसाईंपेक्षा चार वर्षांनी लहान. त्यांनी देसाईंना शिवचरित्राविषयी पत्र लिहिलं. पत्र कसलं, ग्रंथच तो! साधनं कोणती, कुणावर किती विश्वास ठेवायचा, शहाजीचं स्थान काय, शिवाजीचं मोठेपण नेमकं कशात.

त्यातला एक मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. अफजलखान, आग्रा हे प्रसंग तर सगळ्यांना पाठ असतात. पण शिवाजी १६८० मध्ये गेला, त्यानंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये मरेपर्यंत इथेच लढत राहिला, तरी त्याला हे राज्य संपवता आलं नाही. राजा गेल्यावरही माणसं का लढत राहिली? त्यांच्यात हे कशाने आलं? नायकाचं मोठेपण मोजायचं तर तिथे मोजा, असा त्यांचा रोख. कादंबरीकाराला असा प्रश्न विचारणं म्हणजे काय ते लिहिणाऱ्यालाच कळेल. तुमचे सगळे रंगवलेले प्रसंग एका बाजूला, आणि हा म्हणतो, खरी गोष्ट तुमच्या कादंबरीच्या शेवटच्या पानानंतर सुरू होते.

आणि देसाईंनी काय केलं? १९६८ मध्ये कादंबरी आली तेव्हा ते पत्र प्रस्तावना म्हणून पुढे छापलं. माझं प्रामाणिक मत सांगतो, पत्र वाचून लगेच कादंबरी वाचली तर दोन्हींतलं अंतर जाणवतं. पत्रातला शिवाजी राज्य चालवणारा आहे, कादंबरीतला जास्त हळवा आहे. म्हणजे देसाईंनी सगळं ऐकलं असं नाही. पण ज्या फूटपट्टीने आपलं पुस्तक कमी भरू शकतं तीच फूटपट्टी त्यांनी पुस्तकाच्या पहिल्या पानांत ठेवली. एवढी छाती माझ्यात नाही.

असो. तर हे सगळं वाचून मी माझी यादी फाडली आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला. माझ्या कादंबरीतल्या माजघरातलं कोण आहे? उत्तर पाच मिनिटांत आलं. मुरारजी पेठेतली आत्या. बाबांची मोठी बहीण, वय पंच्याहत्तर, शिक्षण चौथी. आयुष्यात एकही कादंबरी वाचलेली नाही.

ज्यांना सोलापूरचं १९३० माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव पेटलं. ८ मे ला गोळीबार झाला. चौक्या जाळल्या गेल्या, कोर्ट जळलं, साहेब लोक निघून गेले आणि काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्यच उरलं नाही. मग १२ मे ला मार्शल लॉ आला तो जूनअखेरपर्यंत. डोक्यावर गांधीटोपी असणं हासुद्धा गुन्हा झाला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. आपली हुतात्मा एक्सप्रेस ती यांच्याच नावाची.

माझी कादंबरी पणजोबांवर आहे. ते १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीत साच्यावर होते. आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. ८ मे च्या गर्दीत ते पुढे होते, नंतर मार्शल लॉमध्ये एका गोऱ्या सोल्जराने त्यांची टोपी उडवली, आणि त्या दिवसापासून त्यांनी डोक्यावर काही घातलं नाही. घरात एका लग्नाचा फोटो आहे. सगळे पुरुष टोप्या-फेट्यांत, एकटे पणजोबा बोडके. त्या बोडक्या डोक्यावर माझी ३१२ पानं उभी आहेत.

एका शनिवारी सकाळी आत्याकडे गेलो. ती चटणीसाठी शेंगा फोडत बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक अक्षर दिसत नाही. मग काय, वाचूनच दाखवायला लागलो.

पहिल्या पानावरच थांबवलं. मी लिहिलं होतं की भोंगा झाला आणि पणजोबा खडबडून उठले.

"भोंगा झाल्यावर उठतंय व्हय कोण? फाटक बंद हुईल की. माणसं आधीच उठायची. भोंगा म्हणजे निघा."

बरं. पुढे पणजी गडबडीने भात टाकते. "भात? रोज? अरे सणाला व्हता भात. भाकरी लिही." एके ठिकाणी मी गिरणीतल्या साच्याला हातमाग म्हटलं होतं, त्यावर तर तिने कपाळावर हातच मारला. पण मजेत चाललं होतं. मधेच हसायची, मधेच "हां, आसंच" म्हणायची. दोन प्रकरणांत चौदा दुरुस्त्या झाल्या, आणि त्यातली एकही शुद्धलेखनाची नव्हती.

तिसरं प्रकरण ८ मे चं. माझं सगळ्यात आवडतं. ते वाचताना मी जरा आवाज चढवून वाचत होतो. पानभर झाल्यावर लक्षात आलं की शेंगा फोडल्याचा आवाज थांबलाय.

"कोण सांगितलं तुला हे?"

"बाबांनी. त्यांना आजोबांनी."

"तुझ्या बापाला तसंच म्हाईत हाय." मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. "आजा तिथं नव्हता रे."

तिने सांगितलं ते असं. गडबड सुरू होणार हे कळल्यावर पणजोबा बायको आणि वर्षाचं पोर घेऊन चालत अक्कलकोटच्या बाजूच्या गावाकडे निघून गेले होते. ते पोर म्हणजे माझे आजोबा. गोळीबार त्यांना गावात कळला. पंधरा-वीस दिवसांनी, घरातलं धान्य संपल्यावर, एकटे परत आले. शहराच्या तोंडाशी सोल्जर उभे होते. कुणी टोपी उडवली नाही. लांबूनच सोल्जर दिसले आणि त्यांनी स्वतःच टोपी काढली, घडी केली आणि सदऱ्याच्या आत घातली. आत गेल्यावर परत घालायला हातात घेतली, पण घालवेना. मग कधीच घातली नाही. हे त्यांनी पोराला नाही सांगितलं. मरायच्या आदल्या वर्षी आत्याला सांगितलं, ती त्यांचे पाय चेपत होती तेव्हा.

"तू मोठा आवाज काढून वाचलालास म्हणून सांगितले," आत्या म्हणाली. "न्हाईतर मी कशाला बोलू."

मी काय बोलणार? माझ्या कादंबरीतले पणजोबा धाडसी होते आणि खरं सांगायचं तर थोडे कंटाळवाणे होते. हा सदऱ्यात टोपी लपवून चालत येणारा पंचवीस वर्षांचा माणूस मला पहिल्यांदाच दिसला. पण हे छापायचं म्हणजे घरातल्या त्या फोटोखाली दुसरी ओळ लिहायची. बाबांनी आयुष्यभर ती पहिली गोष्ट पाहुण्यांना सांगितलीय. मलाही त्यांनीच सांगितली, बोट धरून, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यासमोर. आणि कादंबरी छापून हातात येण्याची सगळ्यात जास्त वाट तेच बघतायत.

रात्री त्यांचा फोन आला. "काय म्हणाली आक्का? आवडलं का?"

"भोंग्याचं चुकलंय म्हणाली," मी सांगितलं. "आणि भाताचं."

"ती बरोबर सांगणार. लिहून घे सगळं."

तिसऱ्या प्रकरणाची नवीन फाईल उघडलीय. जुनीही ठेवलीय. येत्या शनिवारी पुन्हा सोलापूर. आत्याने सांगितलंय की पुढचं घेऊन ये, पण सावकाश वाच, मागच्या वेळी पळत होतास.